देवाला पडदा पडल्यावरचा तास

नोकरीला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझा असा ठाम समज होता की जगातली कुठलीही अडचण सात मुद्द्यांत मांडता येते, आणि मांडली की अर्धी सुटते. आता पन्नाशी गाठली आहे. मुद्दे अजून मांडते. अर्धी सुटते, हे मात्र कुणाला सांगत नाही.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंजीच्या पुढच्या एका गावात जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या तालुका मंडळाची, मिडल शाळा होती. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. मुलांचे वर्ग शाळेच्या इमारतीत भरत. मुलींसाठी बांधायला घेतलेली खोली कमरेएवढ्या भिंतींवर थांबली होती, म्हणून मुली राममंदिराच्या सभामंडपात बसत. फळा एका खांबाला टेकवलेला, समोर गाभारा. वर्ग चालू असताना दर्शनाला येणाऱ्याने घंटा वाजवू नये, असं मी पहिल्याच आठवड्यात मंदिराच्या पंचांकडून लेखी घेतलं. पंचांनी सही केली आणि घंटा वाजत राहिली.

देवळात वर्ग असल्याची खरी अडचण घंटेची नव्हती. मुलीला कावळा शिवला की चार दिवस तिने देवळात पाऊल टाकायचं नाही, म्हणजे शाळेतही यायचं नाही. शेवटच्या वर्गात नऊ मुली होत्या. त्यातल्या सात जणी महिन्यातले चार-चार दिवस गायब व्हायच्या. कापूस वेचायला, लहान भावंडं सांभाळायला जाणारे दिवस वेगळेच.

या सातांत एका कास्तकाराची, म्हणजे शेतकऱ्याची, मुलगी होती. चौदावं सरून पंधरावं लागलं होतं. गणितात माझ्या पुढे. मी फळ्यावर उत्तर लिहीपर्यंत ती मंडपाबाहेर बघत बसायची, आणि मी चुकले तर तेवढ्यापुरती आत बघायची. तिच्या वडिलांनी तिला एक अट घातली होती आणि ती गावाला माहीत होती: चैत्रात मिडलची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली तर वर्ध्याच्या नॉर्मल स्कूलला पाठवायचं, मास्तरीण व्हायला, नाहीतर वैशाखात लग्न. स्थळ बघून ठेवलेलं होतं. महिन्याला चार दिवस बुडवून पहिला वर्ग मिळवणं तिला जड जाणार होतं, हे मला वहीत स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं की आरोग्याच्या तासाला या मुलींना त्यांच्या शरीराबद्दल नीट सांगायचं. मला स्वतःला कुणी सांगितलं नव्हतं. तेराव्या वर्षी मला पोटात काहीतरी फुटलंय असं वाटलं होतं आणि दोन दिवस मी मरणाच्या तयारीत होते. पाटी कुणाला, हिरवा परकर कुणाला, सागरगोटे कुणाला, अशी वाटणी मी कागदावर लिहून ठेवली. तो कागद आईला सापडला. तिने परकर धाकटीला का दिला नाहीस एवढंच विचारलं आणि विषय संपवला.

सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडे दोन रविवार जाऊन मी टिपणं काढली. मग मुद्दे केले, सात. हेडमास्तर गुरुजींपुढे कागद ठेवला. गुरुजी भले माणूस होते; क्रमांक घातलेला कुठलाही कागद ते न वाचता मंजूर करत. वेळ मी फार विचार करून निवडली. दुपारी रामाला नैवेद्य झाला की पुजारी पडदा ओढून जेवायला घरी जात. देव विश्रांतीला. तोच तास मी आरोग्याला दिला. देवाला ऐकू जाऊ नये याची व्यवस्था केल्याबद्दल मी स्वतःवर इतकी खूश होते की देवाला पडद्याआडून ऐकू येत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तासाला मी भोपळ्याची दोन फुलं नेली होती, एक नर आणि एक मादी. फुलातले भाग दाखवले, पराग दाखवला, भुंगा कसा येतो ते सांगितलं. मुली सभ्यपणे ऐकत होत्या. शेवटी एकीला दया आली.

"बाई, हे मालूम हाय. आमची कपिला माजावर आली की बाबाच नेतात वळूकडे. मी गेलती मागच्या टायमाले."

"मग काय झालं?" मी विचारलं. मास्तरणीची सवय.

"वासरू झालं ना बाई. गोऱ्हा."

माझे पहिले तीन मुद्दे तिथेच संपले. चौथ्यावर आले तेव्हा मात्र मुली पुढे सरकून बसल्या. गाईचं त्यांना सगळं ठाऊक होतं, स्वतःचं काही नव्हतं. मी सांगत गेले, शब्द अडखळले, पण सांगितलं. मग गणितवाल्या मुलीने, नेहमीप्रमाणे हात वर न करता, विचारलं.

"मंग कावळा शिवला काऊन म्हनतात?"

"खरं सांगायची लाज वाटते म्हणून."

"अन् विटाळ?"

मी खडू खाली ठेवला. "विटाळ वगैरे काही नसतो. कापड स्वच्छ धुवायचं, उन्हात वाळवायचं आणि शाळेत यायचं."

तिने पडद्याकडे मान केली. "इथं?"

"इथं," मी म्हणाले. हा शब्द माझ्या सात मुद्द्यांत कुठेही नव्हता.

पुढच्या दोन महिन्यांत चमत्कार झाला. मुली यायला लागल्या. मी प्रत्येकीला कानात विचारून वहीत नोंद करत होते. पूर्वी गैरहजेरीची फुली असायची, आता हजेरीवर एक छोटं लाल वर्तुळ, म्हणजे "ते दिवस असूनही हजर". महिनाअखेरीला पानभर लाल वर्तुळं बघून मला इतका आनंद व्हायचा की घरी जाऊन मी ती पुन्हा मोजायचे. हा प्रयोग वर्ध्याच्या शिक्षण कार्यालयाला कळवायचा, असाही मुद्दा काढला होता.

रामनवमी आठ दिवसांवर आली असताना बुवा वर्गात आले. बुवा म्हणजे गावचे कीर्तनकार आणि मंदिराच्या पंचांतले मुख्य. सत्तरीचे, स्वतः शेती करणारे. मुली घरी गेल्यावर आले, बसायला सतरंजी मागितली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही देवासमोर पोरींना काही नको ते सांगून राह्यल्या, असं कानावर आलं."

मला हीच संधी हवी होती. मी म्हणाले, "बुवा, दर एकादशीला तुम्ही कीर्तनात गर्भवासाचं वर्णन करता. पोर पोटात उलटं कसं टांगलेलं असतं, नऊ महिने काय काय सोसतं. बाया, पुरुष, पोरंटोरं सगळे ऐकतात. मी त्याच्या निम्मंही सांगितलं नाही."

बुवा हसले. "सांगतो ना. पण मी कायले सांगतो? ते ऐकून माणसाला जन्माचा वीट यावा, देव आठवावा म्हणून. तुमचं ऐकून पोरींना वीट आला का?"

"नाही. त्यांना समजलं."

"तेच म्हणतो मी. समजलं की नवल वाटते, नवल वाटलं की मन तिकडं जाते. शरीर देवानं झाकून दिलं, बाई. झाकलेलं उघडायला आईबाप आहेत, नवरा आहे, येळ आहे. शाळेचं काम नाही ते. आणि देवळाचं तर नाहीच नाही."

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, पण ते मूर्खपणाचंही नव्हतं, आणि हेच मला सहन झालं नाही. वादात मी हरायला लागले की पुरावा काढते. मी वही काढली. त्यांच्यापुढे उघडली आणि बोट ठेवून समजावलं: हे बघा, पौषापर्यंत या फुल्या, सात मुली, चार-चार दिवस. आणि शिकवल्यानंतर हे बघा. एकही फुली नाही. ही लाल वर्तुळं म्हणजे ते दिवस असूनही मुलगी हजर. शिक्षणाचा फायदा याहून स्पष्ट काय हवा?

बुवांनी चष्मा लावला. पान नीट बघितलं. मग मान वर करून मंडपाकडे बघितलं, फरशीकडे, मुलींच्या बस्करांकडे, गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडे. मी अजून बोटाने वर्तुळं दाखवत होते.

"म्हणजे या सगळ्या," ते अगदी हळू म्हणाले, "त्या दिवसांत इथंच बसल्या?"

माझं बोट पानावरच राहिलं. माझी बाजू मी इतकी नीट सिद्ध केली होती की तीत एक फट उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात कुणी आलं नाही. देऊळ विटाळलं, रामनवमी तोंडावर, शुद्धी करावी लागणार, कोणाकोणाच्या पोरी ते बाईच्या वहीत नावानिशी आहे, हे गावभर झालं होतं. चार दिवसांनी पंचांची बैठक ठरली. गणितवाल्या मुलीचे वडील मंदिरात मृदंग वाजवत. त्यांनी बैठकीचीही वाट बघितली नाही. पोरीने देवळाचा विटाळ केला असेल तर आता परीक्षा नाही, वर्धा नाही, वैशाखही लांब पडतो, असं ते चारचौघांत म्हणाले.

मी वर्ध्याला धावले. शिक्षण कार्यालयातले एक वयस्क खादीधारी गृहस्थ माझं सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचा हेतू शुद्ध आहे. पण या वयात ज्ञानापेक्षा संयम द्यावा. मुलींना अशा वेळी टकळी द्या. सूत काढलं की मन ठिकाणावर राहतं." मी म्हणाले, टकळीनेही ते चार दिवस टळत नाहीत. त्यांनी डोळे मिटले. मी परत आले. म्हणजे देऊळ म्हणत होतं देव आठवा, आणि वर्धा म्हणत होतं सूत काढा. दोघांनाही पोरींचं मन कुठे जाईल याची काळजी होती. मला फक्त त्या परीक्षेला जायला हव्या होत्या.

उरल्या तीन दिवसांत मी आठ उपाय लिहिले आणि सात खोडले. आठवा होता मुलीच्या आईला भेटणं, आणि तो शेवटी ठेवला होता कारण मला तिची भीती वाटत होती. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी म्हणाले, "वहिनी, मी फार मोठी चूक केली. तिला मी असं शिकवायला नको होतं."

तिने मिरच्या पसरणं थांबवलं नाही. "तुमी काय शिकवलं थे पोरीनं मले सांगतलं. चांगलं हाय. मलेच नवतं मालूम अर्ध." मग म्हणाली, "अन् देवळात जा म्हून तिले मीच म्हनलं बाई. तुमच्याही आधी. थंडीत परीक्षा होती ना तुमची, तवा. म्हनलं, उंबऱ्याले शिवू नको, कोपऱ्यात बस, कोनाले सांगू नको. गावातल्या समद्या बाया असंच करतात. शेतात, विहिरीवर, लग्नात. कोन चार दिवस बसून राह्यते?"

माझ्या प्रयोगाचं श्रेय दोन महिने आधीच कुणीतरी घेऊन टाकलं होतं.

"मंग तुमी," ती म्हणाली, आणि आता मात्र तिने माझ्याकडे बघितलं, "लिहून काऊन ठेवलं?"

मी बाजूला पडलेली एक मिरची उचलून पसरलेल्यांत ठेवली.

"आता असं करजा. बैठकीत सांगजा, वही चुकली म्हनून. पोरी आल्याच नवत्या त्या दिवशी. झालं."

"पण वही चुकलेली नाही, वहिनी."

"मंग पोरीचं लगीन बरोबर होऊ द्या," ती म्हणाली आणि पुढची टोपली ओतली.

बैठक सकाळी मंडपाबाहेरच्या ओट्यावर भरली. पंच एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, मुली बायांच्या मागे. बुवांनी विचारलं, "बाई, त्या वहीबद्दल काय ते सांगा." मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हिशेबीपणाविरुद्ध साक्ष दिली. म्हणाले, माझ्या वहीत चूक आहे. खुणा घालताना मी गोंधळ केला. त्या दिवसांत एकही मुलगी देवळात आलेली नाही.

इथे सगळं संपलं असतं. पण गुरुजी उठले. बिचाऱ्यांना माझा अपमान झाल्यासारखा वाटला. "असं होऊच शकत नाही," ते म्हणाले. "बाईंच्या वहीत चूक? दोन वर्षांपासून मी त्यांचा कागद बिनवाचता सही करून राह्यलो. एक काना मात्रा इकडचा तिकडे नाही. बाई, तुम्ही घाबरू नका, खरं काय ते सांगा."

त्यांच्याकडे बघून रडावं की हसावं कळेना. मृदंगवाल्या कास्तकाराचा चेहरा तांबडा झाला. "मंग थ्या लाल खुना कायच्या?" त्याने विचारलं.

बायांच्या बाजूने त्याच्याच बायकोचा आवाज आला, डोक्यावरचा पदरसुद्धा न हलवता. "उवा."

"काय?"

"उवांच्या खुना हायेत थ्या. बाईनं समद्या पोरींच्या डोस्क्या तपासल्या. ज्यायच्या डोस्क्यात उवा, त्यायले लाल गोल. आपल्या पोट्टीच्या तं लय होत्या. तेल लावलं तवा गेल्या."

दुसऱ्या एका आईने मान डोलावली. "हाव, आमच्या बी पोरीच्या होत्या." तिसरी म्हणाली लिखा अजून आहेत. दोन मिनिटांत माझ्या वर्गातल्या सातही मुलींच्या डोक्यात गावासमोर उवा झाल्या होत्या, आणि त्यांच्या आया त्या मोठ्या समाधानाने मोजत होत्या.

बुवा माझ्याकडे बघत होते. त्या पानावर माझं बोट फिरताना त्यांनी स्वतः बघितलं होतं. त्यांना उवा सांगणं म्हणजे त्यांच्या तोंडावर खोटं बोलणं होतं. मी खाली बघितलं.

"उवांचा विटाळ शास्त्रात नाही," बुवा शेवटी म्हणाले. "शुद्धीचं काम नाही. रामनवमीला नेहमीसारखं सडा-सारवण करा." मग माझ्याकडे वळून, "पण बाई, आरोग्याचा तास पुढं गुरुजी घेतील. दात, नखं, पाणी गाळून पिणं. तेवढं पुरे आहे."

मी हो म्हणाले. सगळे उठायला लागले. तेव्हा मी मुलींकडे बघितलं. दोन महिन्यांपूर्वी ज्यांना मी खडू खाली ठेवून सांगितलं होतं की विटाळ नसतो, त्यांच्यासमोर मी आत्ता सांगितलं होतं की त्या कधी इथे आल्याच नाहीत. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. एक जण डोकं खाजवत होती, उगीच, खोटं खरं करायला.

परीक्षेला नऊही जणींना घेऊन मी पहिल्या मोटारीने वर्ध्याला गेले. गणितवाली वेगळ्या बाकड्यावर बसली. परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी मी सगळ्यांची दौत-टाक तपासत होते तेव्हा जवळ आली.

"बाई, आरोग्याच्या पेपरात आलं तं काय लिहू? तुमी शिकवलं थे, का पंचायले सांगतलं थे?"

"शिकवलं ते."

"मंग पंचायले थे काऊन नाई सांगतलं?"

"तुला इथे यायचं होतं म्हणून."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पन ह्या आठ जनी कुठं पुढं शिकून राह्यल्या? त्यायनं आता काय समजायचं?"

घंटा झाली आणि ती आत गेली. ती पहिल्या वर्गात पास झाली आणि वडिलांनी शब्द पाळला. आषाढात तिची ट्रंक वर्ध्याला गेली.

उरलेल्या आठ जणींच्या घरी मी त्या उन्हाळ्यात जायचं ठरवलं. मंडपात शिकवायचं नाही असं कबूल केलं होतं. घरांबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. सहा घरी गेले. एकीचं लग्न होऊन गेलं होतं, आणि एकीच्या वडिलांनी मला दारातूनच परत पाठवलं. सहा घरांत मी पंचांसमोर खोटं बोलले होते, असं सांगून सुरुवात केली. मुलींनी ऐकून घेतलं. माफ केलं का ते कळलं नाही.

शेवटच्या घरी मी सगळं सांगून उठले, तेव्हा मुलीच्या आईने मुलीला पाण्याला पिटाळलं आणि माझ्या जवळ सरकून बसली.

"बाई, थे चार दिवसाचं समजलं. पन मले सहा लेकरं झाली. आता पुरं. सातवं होऊ नाई म्हनून काय करावं, थे तुमाले मालूम हाय काय?"

मला माहीत नव्हतं. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि हे माझ्या टिपणांतही नव्हतं. येत्या रविवारी कुणालातरी विचारून येते, असं मी तिला म्हणाले. ती आणखी काही बोलणार तोच मुलगी घागर घेऊन दारात आली, आणि आईने अगदी सरळ चेहऱ्याने मला विचारलं, यंदा वर्ध्याच्या बाजारात हरभरा कसा आहे.